कोणाच्या मुलाला कोणती शाळा?



हे व्याख्यान एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेले आहे. तेव्हा आज शाळेबद्दल बोलणेच योग्य. आणि शाळेबद्दल बोलायचे तर तो जुना वाद टाळता येत नाही. पाढे पाठ करून घ्यायचे, की मुलांना मणी मोजू द्यायचे? वर्गात शिस्त हवी, की मोकळीक? परीक्षा हवी, की नको? एका बाजूला परंपरागत शाळा, दुसऱ्या बाजूला प्रागतिक शाळा. गेली दीडशे वर्षे महाराष्ट्रात या दोन बाजू समोरासमोर उभ्या आहेत.

हा वाद समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. चिंचवडहून निगडी, पुढे तळेगाव दाभाडे, तिथून चाकण, राजगुरुनगर, पाबळ आणि परतताना आळंदी, एवढी फेरी मारली तर या वादातला जवळजवळ प्रत्येक पक्ष वाटेत भेटतो. हा पट्टा गाड्या, इंजिने आणि सुटे भाग बनवणारा म्हणून जगाला माहीत आहे. शाळेच्या प्रयोगांची ही केवढी मोठी भूमी आहे, हे मात्र इथल्यांनाही फारसे ठाऊक नसते.

आज चार मुद्दे मांडायचे आहेत आणि चारही मुद्द्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे. तो प्रश्न असा: कोणाच्या मुलाला काय शिकवायचे? वाद वरवर पद्धतीचा दिसतो, पण आतून तो वाटपाचा असतो.

पहिला मुद्दा, या वादाच्या आरंभाचा.

साल १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम मात्र फार कमी जणांनी पाहिलेला असतो. मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख व्हावी. याच यादीत शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे आहेत. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि वेळ पडली तर त्यांना नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरता यावे, असेही फुले सांगतात. हा अभ्यासक्रम जुना म्हणायचा की नवा? अक्षर आणि हिशेब यांचा पाया त्यात पक्का आहे, आणि हाताचे कामही आहे. फुल्यांना दोन्ही हवे होते, कारण ज्या मुलांसाठी ते बोलत होते त्यांना आजवर दोन्हीपैकी काहीच धड मिळाले नव्हते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली आणि तिच्या अभ्यासक्रमावरून वृत्तपत्रांत रान पेटले. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी आणि गणित कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, असा लोकमान्य टिळकांचा सूर होता. आगरकरांचे म्हणणे उलट होते: जे शिक्षण मुलाला तेच मुलीला, आणि तेही एकाच ठिकाणी. हे दोघे एकाच शाळेचे शिक्षक, एकाच संस्थेचे संस्थापक होते. न्यू इंग्लिश स्कूल म्हणजे त्या काळची आधुनिकातली आधुनिक शाळा. तीत राबणारे दोन मित्र मुलींचा प्रश्न येताच दोन टोकांना गेले. गणित कोणत्या पद्धतीने शिकवावे, हा त्यांच्यातला वाद नव्हता. गणित कोणाला शिकवावे, हा होता.

आता तळेगावला जाऊ. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री दिली. त्याच सुमारास प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात समर्थ विद्यालय सुरू केले आणि पुढे ते तळेगाव दाभाड्याला आणले. मराठीतून शिक्षण, धर्मशिक्षण आणि जोडीला उद्योग, असा या राष्ट्रीय शाळेचा विचार होता. याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे एक पैसा अशी वर्गणी गावोगाव फिरून गोळा केली होती आणि त्या पैशातून भट्टी पेटली. ईश्वरदास वार्ष्णेय परदेशातून काचकाम शिकून आले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुले पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. या पट्ट्यातले औद्योगिक प्रशिक्षण बजाज किंवा टेल्कोपासून सुरू झालेले नाही. ते तळेगावच्या भट्टीपाशी सुरू झाले.

सरकारने १९१० मध्ये समर्थ विद्यालय बंद पाडले. विजापूरकरांना त्याआधीच राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जावे लागले होते. पण जरा विचार करा. धर्मशिक्षण देते म्हणून त्या शाळेला परंपरागत म्हणावे, की उद्योग आणि मातृभाषा यांचा आग्रह धरते म्हणून प्रागतिक? दोन्ही शिक्के तिला अपुरे पडतात. आपल्याकडचा वाद पाश्चात्त्य पुस्तकातल्या दोन खान्यांत कधीच नीट बसला नाही, तो यामुळेच.

दुसरा मुद्दा, हात आणि पुस्तक यांच्या ताटातुटीचा.

स्वातंत्र्यानंतर हा सगळा प्रदेश बदलला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आली, आणि सुमंत मुळगावकरांनी इथे वाहने बनवण्याआधी यंत्रे, साचे आणि माणसे तयार करण्यावर जोर दिला. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने कारखान्यांवर प्रशिक्षणार्थी घेण्याचे बंधन आले. खेडमधून, मावळातून, साताऱ्यातून, मराठवाड्यातून आलेली दहावी पास मुले इथे फाइल चालवायला शिकली, व्हर्नियर वाचायला शिकली, ड्रॉइंग वाचायला शिकली. चूक झाली की जॉब स्क्रॅपमध्ये जातो आणि का गेला ते उस्ताद तिथल्या तिथे समजावतो, असे ते शिक्षण होते. जगभरचे प्रागतिक शिक्षक ज्याला कृतीतून शिकणे म्हणतात, ते पिंपरी-चिंचवडमध्ये शॉप फ्लोअरवर रोज घडत होते.

आणि त्याच कामगारांची मुले ज्या शाळांत जात होती, तिथे काय घडत होते? तिथे प्रश्नपेढी होती, गाइड होते, संध्याकाळचा क्लास होता. बापाला सूक्ष्ममापीचा तिसरा दशांश बोटांनी कळत होता. मुलगा तोच दशांश अपूर्णांक वहीत उतरवून घेत होता, कशाला ते न कळता. बाप आणि मुलगा एकाच घरात राहत, पण त्यांच्या शिक्षणाची एकमेकांशी ओळख नव्हती. आपल्या मुलाला बॉयलर सूट घालावा लागू नये, असे बापाला वाटत होते. त्यात गैर काय होते? हाताच्या कामाला समाजाने जी किंमत दिली, ती तो स्वतःच्या पगारात आणि मानात रोज मोजत होता.

इथे दुसऱ्या बाजूकडेही नीट पाहायला हवे. हाताच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांवर बहुजन समाजाने जो संशय घेतला, त्याला कारणे आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. सूत कातता कातता गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, ही कल्पना विलक्षण होती. पण मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्याच वेळी टीका झाली. गरिबाच्या मुलाने शाळेतही कमवायचे का, असा तो सवाल होता. पुढे १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी योजना आणली: अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा, वडिलांचा धंदा. म्हणजे चांभाराच्या मुलाने चामडे आणि कुंभाराच्या मुलाने चाक. लोक खवळले, आणि १९५४ मध्ये राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेल्यावर ती योजना रद्द झाली. 'कृतीतून शिक्षण' हे सुंदर तत्त्व जातीच्या चौकटीत घातले की त्याचा सापळा कसा होतो, त्याचे हे उदाहरण.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होते. प्रागतिक शिक्षणाचे जगातले सर्वांत मोठे नाव म्हणजे जॉन ड्यूई. त्यांनी १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळेसारखी शाळा काढली. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर या ड्यूईंचे विद्यार्थी होते, आणि गुरूचा प्रभाव त्यांनी आयुष्यभर मानला. पण स्वतः संस्था काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपल्या समाजाच्या मुलांना पूर्ण विद्यापीठीय शिक्षण मिळाले पाहिजे, त्यात काटछाट चालणार नाही, अशी ती भूमिका होती. ड्यूईंनीही १९३८ च्या आपल्या छोट्या पुस्तकात दोन्ही टोकांना बजावले होते: जुन्याला विरोध केला म्हणून नवे आपोआप चांगले ठरत नाही.

मग या कोंडीतून वाट निघते का? निघते, आणि ती चाकणहून फार लांब नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत पीएच.डी. केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर असलेले. ती जागा सोडून ते पाबळला आले. त्यांनी कामाचे चार विभाग केले: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. या रचनेत प्रत्येक मुलाने चारही विभाग करायचे असतात. सुताराच्या मुलाने फक्त सुतारकाम आणि मुलींनी फक्त स्वयंपाक, असे नाही. वेल्डिंग मुलीही करतात, रक्तगट तपासायला मुलगेही शिकतात. गावाला लागणारी वस्तू किंवा सेवा खरोखर तयार करायची आणि ती करताना विज्ञान शिकायचे. हा कार्यक्रम पुढे राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोचला. पाबळची फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तर अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक आहे. राजाजींची योजना आणि कलबागांची योजना, दोन्हींत हाताचे काम आहे. एकीत जन्म ठरवतो, दुसरीत प्रत्येकाला सगळे मिळते. फरक एवढाच आहे, आणि हा फरकच सर्व काही आहे.

तिसरा मुद्दा, परंपरेचा.

परंपरागत शिक्षण म्हटले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट पूजा करतो, दुसरा नाक मुरडतो. दोघांनीही जरा आळंदीला जाऊन यावे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, आणि पाठांतर भरपूर. पण त्या पाठांतराचा शेवट उत्तरपत्रिकेत होत नाही. विद्यार्थ्याला उभे राहून कीर्तन करावे लागते, समोरच्या माणसाला समजेल असे बोलावे लागते, दाखला द्यावा लागतो, श्रोता विचलित झाला तर वाट बदलावी लागते. पाठ केलेले ज्ञान इथे लोकांपुढे वापरायचे असते. जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्यातल्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि ज्ञानेश्वरीवर निरूपणही करत होते. पाठांतर आणि आकलन यांचे हाडवैर आहे, असे त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणू शकेल का?

निगडीत ज्ञान प्रबोधिनीने परंपरेची आणखी एक वाट धरली. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या संस्थेच्या निगडीच्या शाखेत नेहमीच्या शाळेबरोबर गुरुकुल आहे, खेळांसाठी क्रीडाकुल आहे. उपनिषदातल्या पंचकोशांच्या कल्पनेवर दिनक्रम बेतायचा आणि त्यात प्रकल्प, सहली, मैदान, गटकाम आणायचे, म्हणजे जुन्या चौकटीत नवी पद्धत.

आणि चिंचवडगावात पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् आहे. गिरीश प्रभुणे यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी ते २००६ मध्ये सुरू केले. २०२१ मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली. ज्या समाजांना इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवले, ज्यांच्या पालांवर शाळा कधी पोचली नाही, त्यांची मुले तिथे शालेय अभ्यासाबरोबर कारागिरी आणि कला शिकतात. आपल्या समाजाकडे असलेले ज्ञान हे ज्ञानच आहे, असे या मुलांना शाळेत पहिल्यांदा ऐकायला मिळते. याचे मोल फार मोठे आहे. पण इथेही तोच प्रश्न विचारावा लागतो आणि प्रेमानेच विचारावा लागतो: या मुलातून उद्या इंजिनिअर, वकील, तहसीलदार व्हायची वाट तितकीच रुंद आहे ना? परंपरा देणाऱ्या प्रत्येक शाळेची ही कसोटी आहे. ओळख द्यावी, आणि ओळखीच्या बाहेर जायचे दारही उघडे ठेवावे.

चौथा मुद्दा, आपल्या डोळ्यांदेखत घडलेला.

जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले. हा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच पिंपरी-चिंचवडचे होते. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचेच नाव आहे. त्या निर्णयावर केवढे वादळ उठले होते! मातृभाषेचा पाया पक्का होण्याआधी परभाषा नको, असे शिक्षणतज्ज्ञ आणि साहित्यिक सांगत होते. त्यांच्या बाजूला बालशिक्षणाचे शास्त्र होते, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कामाचा अनुभव होता. मोरे यांची बाजू मांडणारे विचारत होते, शहरातल्या सधन घरांतली मुले बालवाडीपासून इंग्रजी शिकतात, मग खेड्यातल्या, कामगाराच्या, शेतकऱ्याच्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबायचे? एका बाजूला शास्त्र, दुसऱ्या बाजूला न्याय. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण न्याय द्यायचा तर इंग्रजी उत्तम येणारा शिक्षक प्रत्येक वाडीवस्तीवर द्यावा लागतो. निर्णय एका जूनमध्ये झाला. तसे शिक्षक घडवायला त्याहून फार मोठा काळ लागतो. मधल्या काळात पालकांनी आपापला मार्ग शोधला, आणि गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे फलक लागले.

पुढे २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि रचनावादाचे वारे सुटले. मूल स्वतः ज्ञान रचते, शिक्षक मदत करतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्राथमिक शाळांनी हे करून दाखवले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. जिथे शिक्षकांनी विचार आत्मसात केला तिथे मुले खरोखर बोलू लागली, वाचू लागली. जिथे फक्त आदेश पोचला तिथे वर्गाच्या फरशीवर रंगीत गोल तेवढे रंगवले गेले. दरम्यान शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते राज्यांवर सोडले, आणि महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला परीक्षा परत आली. लंबक पुन्हा हलला. अमेरिकेतही असेच झाले. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि साऱ्या देशाने प्रागतिक शाळांना दोष देत गणित-विज्ञानाच्या कडक अभ्यासाकडे धाव घेतली.

लंबक हलत राहतो आणि त्याखाली एक मूल तिथेच बसलेले असते. प्रथम संस्थेचे 'असर' अहवाल २००५ पासून सांगत आले आहेत की देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही. ही मुले कोणाची? चाकणच्या कंत्राटी कामगाराची, मोशीच्या बांधकामावरच्या मजुराची, काम संपले की वर्षाच्या मध्येच शाळा सोडून पुढच्या साइटवर जाणाऱ्या घरातली. त्या मुलाला परंपरागत पद्धतीने वाचता आले काय आणि प्रागतिक पद्धतीने आले काय, त्याला वाचता आले पाहिजे. अक्षरांचा रोजचा, न कंटाळता केलेला सराव ही त्याची गरज आहे, आणि तिला कालबाह्य म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना नाही. तसेच, फक्त सराव आणि फक्त शिस्त गरिबाला, शोध आणि आनंद श्रीमंताला, हेही मान्य करता येणार नाही. आज नेमके हेच होत आहे. लाखांची फी घेणाऱ्या शाळांत रोबोटिक्सची खोली, मातीकाम, नाटक. वस्तीतल्या शाळेत फक्त वही आणि फळा.

ही वाटणी मोडता येते, याचा पुरावा खेड तालुक्यातच आहे. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा, छोट्या वस्तीची. दत्तात्रय वारे गुरुजींनी आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीला आणि मग इथे, गावाला बरोबर घेऊन शाळा उभी केली. मुले एकमेकांना शिकवतात, वयाने लहान असलेला मोठ्याला शिकवतो, आणि प्रत्येक विषयात कोणीतरी कोणाचा तरी विषयमित्र असतो. २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार या शाळेने जिंकला. ही सरकारी शाळा आहे, तिथे फी नाही, आणि जवळच देशातला एक सर्वांत मोठा वाहन उद्योग आहे.

मग या पट्ट्याने काय करायचे? तीन गोष्टी, आणि तिन्ही हाताशी आहेत. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल वाचते का, हे शाळेने स्वतः, मुलाला न घाबरवता तपासावे आणि जे वाचत नाही त्याला रोज वेळ द्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. ते दहा दिवस चाकण, भोसरी आणि पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये खऱ्या उस्तादांच्या हाताखाली जावेत, आणि तिथे मुलींचीही तेवढीच संख्या असावी. कारखान्यांनी सामाजिक जबाबदारीचा निधी कमानी आणि रंगरंगोटीपेक्षा हत्यारे, कच्चा माल आणि निवृत्त कुशल कामगारांच्या मानधनावर खर्च करावा. तीस वर्षे लेथवर काढलेला माणूस या शहरात गल्लोगल्ली आहे. त्याला शाळेत यायचे आमंत्रण आजवर कोणी दिलेले नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट सदस्य पालक असतात. या सभागृहातले अनेकजण अशा समित्यांवर आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर शौचालयाची दुरुस्ती आणि गणवेशाबरोबर आणखी दोन ओळी लिहून घ्या: आपल्या शाळेत किती मुले वाचू शकत नाहीत, आणि आपल्या शाळेत वर्षभरात मुलांनी स्वतःच्या हाताने काय बनवले. बैठकीत दोन्ही उत्तरे मुख्याध्यापकांसह सर्वांनी मिळून शोधा, इतिवृत्तात नोंदवा, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.